जुन्या बंबाला लाकूड कमी कसं लागेल?

घरचा तांब्याचा बंब धूर फार करतो, पाणी उशिरा तापवतो, म्हणून तो मोडीत काढू नका. बहुतेक वेळा दोष मधल्या नळीतल्या काजळीचा असतो. जाळाची उष्णता त्या नळीच्या पत्र्यातूनच पाण्यात जाते आणि काजळी तिला अडवते. बंब गार असताना काथ्याचा किंवा तारेचा ब्रश लांब काठीला बांधून नळी वरून खालपर्यंत घासा. रोज वापर असेल तर दर पंधरवड्याला हे कराच. खालच्या जाळीवरची राख मात्र रोज काढायची, कारण हवा तिथूनच वर येते.

दुसरी गोष्ट लाकडाची. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो. लाकूड फोडून, पावसापासून आडोशाला, निदान सहा महिने वाळवा. जाड ओंडक्यांपेक्षा मनगटाहून बारीक ढलप्या, करवंट्या उत्तम. नळी ठासून भरू नका, थोडं थोडं घाला. रंग दिलेलं लाकूड आणि प्लॅस्टिक अजिबात नको, त्यांचा धूर विषारी असतो.

बोअरचं पाणी असेल तर आतून क्षार चढतात. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने ते सुटतात. नंतर बंब नीट धुवा.

पाणी भरल्याशिवाय जाळ कधीच घालू नका, डाखाचे सांधे सुटतात. आणि बंब उघड्यावरच पेटवा. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.