लिहायचा मूड नाही? आधी नक्की काय बिघडलंय ते शोधा

नोकरी, घर, मुलं, आईवडलांची औषधं हे सगळं सांभाळून कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि त्या स्वतःच छापणाऱ्या किंवा कथा वाचायच्या ॲपवर टाकणाऱ्या लोकांसाठी हे लिहितेय. आपल्याला कुणी संपादक फोन करून विचारत नाही की प्रकरण कुठवर आलं, कुणी ॲडव्हान्स दिलेला नसतो, आज नाही लिहिलं तर कुणाचंच काही अडत नाही, आणि म्हणूनच "आज मूड नाही" इतकं सहज तोंडात येतं आणि मग आठवडाभर मुक्काम ठोकतं.

माझं मत असं की मूड नसण्यामागे तीन वेगळी दुखणी असतात. एकतर अंग थकलेलं असतं, किंवा गोष्ट अडलेली असते, किंवा मन दुखावलेलं असतं. थकलेल्या माणसाला शिस्त लाव सांगून काही होत नाही, आणि जिची गोष्टच अडलीये ती दोन दिवस झोपून उठली तरी गोष्ट तिथंच उभी असते.

ओळखायचं कसं? फाईल उघडा आणि शेवटची दोन पानं पुटपुटत वाचा. डोळे मिटतायत, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जातेय, तर थकवा. छान जागे आहात पण वाचताना चिडचिड होतेय, सगळं खोटं खोटं वाटतंय, तर गोष्ट अडलीये. आणि फाईल उघडायच्या आधीच बोट ॲपकडे गेलं, किती जणांनी वाचलं, कमेंट आली का, त्या अमुकच्या कथेला किती आल्यात, तर मन दुखावलंय.

थकवा असेल तर

झोपा. खरंच सांगतेय. रात्री अकराला भांडी आवरून, उद्याच्या डब्याची भाजी निवडून झाल्यावर जो अर्धा तास उरतो तो लिहायचा वेळ नसतो, तो उरलेला वेळ असतो. लिहायला दिवसातला असा तुकडा शोधा जेव्हा डोकं चालतं, मग तो वीस मिनिटांचा का असेना. कुणाला पाणी यायच्या आधीची पहाट मिळते, कुणाला लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर बदलापूर ते दादर मिळतं, कुणाला मुलाच्या क्लासबाहेर गाडीत बसून. फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं, विरामचिन्हं गायब असतात आणि नावांची वाट लागते पण कच्चा खर्डा म्हणून पुरतं, आणि संवाद तर बोलूनच जास्त जिवंत येतात.

हिशोब करून बघा. रोज ३०० शब्द, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे १,५०० झाले. असे ४० आठवडे धरले तर ६०,००० शब्द, म्हणजे चांगली मध्यम आकाराची कादंबरी. ४० आठवडे मुद्दाम धरलेत, कारण वर्षातले १२ आठवडे गणपती, दिवाळी, लग्नं, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणं खाणारच आहेत, ते आधीच वगळून टाका. सुट्टी घ्यायची असेल तर तारीख घालून घ्या, अनंत चतुर्दशीपर्यंत लिहिणार नाही, त्यानंतरच्या सोमवारी सुरू. आणि सुट्टीवर जायच्या आधी फाईलच्या शेवटी पुढच्या प्रसंगाच्या दोन ओळी लिहून ठेवा, कोण कुठे आहे आणि आता काय होणार. परत आल्यावर कोऱ्या पानाची भीती वाटत नाही.

थकलेल्या दिवसांसाठी वेगळी कामं काढून ठेवायची. ऱ्हस्व-दीर्घ तपासणं, पात्रांची नावं, वयं आणि नाती एका कागदावर लिहिणं (तिसऱ्या भागात मावशी असलेली बाई नवव्या भागात आत्या झालेली वाचक लगेच पकडतात), फाईलची कॉपी स्वतःला मेल करणं. यातून गोष्टीशी संबंध तुटत नाही.

गोष्ट अडली असेल तर

हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि सगळ्यात कमी ओळखलं जातं. आपण स्वतःला आळशी म्हणत बसतो आणि खरी अडचण गोष्टीत असते, तीही बहुतेक वेळा ज्या पानावर आपण थांबलोय तिथं नसते, दोन प्रसंग मागे असते. तिथं पात्राने असं काहीतरी केलेलं असतं जे त्याने केलं नसतं, केवळ आपल्याला प्लॉट पुढे न्यायचा होता म्हणून केलं. म्हणून मागे जा आणि प्रत्येक प्रसंगाला विचारा की इथं या माणसाला काय हवंय, कोण आडवं येतंय, आणि प्रसंग संपल्यावर काय बदललं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो प्रसंग काढा. जीव तुटतो, पण काढा. वेगळ्या फाईलमध्ये ठेवा म्हणजे फेकल्यासारखं वाटत नाही.

दुसरी गोष्ट, जागा बदला. आपल्या कथांमध्ये माणसं फार वेळ हॉलमध्ये चहा पीत बोलतात. तोच संवाद स्वारगेटच्या स्टँडवर गाडी लागलेली असताना घ्या, गच्चीवर पापड वाळत घालताना आभाळ भरून आलंय तेव्हा घ्या, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेत घ्या. हाताला काम आणि मागे घाई असली की माणसं अर्धवट बोलतात, नको ते बोलून जातात, आणि तिथून गोष्ट सुटते. बोली पण तपासा. अमरावतीची आजी सदाशिव पेठेतल्यासारखं बोलायला लागली की ते पात्र मेलं समजा, आणि मेलेल्या पात्रासोबत रोज बसायला कुणाला उत्साह येईल? त्या भागातल्या ओळखीच्या माणसाशी दहा मिनिटं फोनवर बोला, पुन्हा कानात लय बसते.

तरी नाहीच सुटलं तर तो प्रसंग ओलांडून पुढे जा. "इथे दोघांचं भांडण, तिला पत्राबद्दल कळतं" एवढं लिहा, पुढे @@ अशी खूण टाका आणि पुढचं लिहायला घ्या. शेवटी @@ शोधलं की सगळ्या मोकळ्या जागा सापडतात, आणि तोवर शेवट माहीत झाल्यामुळे त्यातल्या बऱ्याच सोप्या झालेल्या असतात. काही तर लागतच नाहीत.

मन दुखावलं असेल तर

वर्षभर लिहिलेलं टाकतो आणि "छान", "खूप सुंदर", "पुढचा भाग कधी?" एवढंच येतं, किंवा तेही येत नाही. हे दुखतं आणि दुखणारच, त्यात लाज वाटायचं काही नाही. पण आकडे बघायचा आठवड्यातला एकच वार ठरवा, आणि तोही लिहून झाल्यानंतरचा. बघायचं काय तेही ठरवा. पहिला भाग किती जणांनी उघडला याला फारसा अर्थ नाही, तो कव्हर आणि नाव बघून उघडतात. पहिल्या भागावरून पाचव्यापर्यंत किती आले ते बघा, आणि कुठल्या भागावर एकदम गळती झाली ते बघा, कारण ती गळती तुम्हाला कथेबद्दल काहीतरी सांगतेय आणि ते दुरुस्त करता येतं.

त्याहून मोठा उपाय म्हणजे वाट बघणारं एक माणूस. फक्त एक. दुसरी लिहिणारी मैत्रीण, लायब्ररीतले भरपूर वाचणारे काका, कुणीही, पण त्यांना दर शनिवारी पानं जायला हवीत आणि तुम्ही त्यांची वाचायला हवीत. "कशी वाटली?" विचारू नका, माणसं भिडेखातर छान म्हणतात. "कुठे कंटाळा आला? कुठे फोन हातात घेतलात?" असं विचारा.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दिवाळी अंक आहेतच. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे कथेला तारीख आहे, एवढी मोठी सोय सोडू नका. बहुतेक अंकांना जुलै-ऑगस्टपर्यंत कथा हातात हवी असते, म्हणजे खर्डा मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, पाहुण्यांच्या गर्दीत. युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी उमटतं त्याच पद्धतीत, टाइप करा. पुष्कळ ठिकाणी डीटीपीला, म्हणजे छपाईची पानं लावायला, जुने फॉन्ट वापरतात, रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ बघायला मिळेल का हे आधीच विचारा. मानधनाचंही आधीच विचारा.

घर आणि पैसे

घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं, आणि लिहिणारी बाई असेल तर जास्तच. फोनवर किंवा लॅपटॉपवर बोटं चालताना दिसली की सगळ्यांना वाटतं रिकामी आहे, मग गॅसकडे बघ, बेल वाजली बघ. "पावणेसहा ते सव्वासहा मी लिहिणार, चहा तुम्ही टाका" असं वेळ आणि काम दोन्ही ठरवून बोला. नुसतं "मला वेळ द्या" म्हटलं तर कुणी देत नाही, कारण कुणाला कळतच नाही काय द्यायचं. बदल्यात तुम्ही काय उचलणार तेही सांगा. दार लावायला खोली नसेल तर कानात हेडफोन हेच दार, आणि घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही ते काही दिवसांत समजतं.

"यातून मिळतं काय?" हा प्रश्न जेवताना येणारच. सरळ आकडा सांगा, तो लहान असला तरी. मराठीत नोकरी करून लिहिणं हीच रीत आहे, कादंबरीकार श्री. ना. पेंडसे मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरीला होते, कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पगाराचं ओझं कथेवर टाकलं की कथाही वाकते आणि लिहिणाराही.

खर्चाचं थोडक्यात सांगते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ई-पुस्तकांत, भारतातल्या विक्रीला ७० टक्के रॉयल्टी हवी तर पुस्तक त्यांच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के, आणि सिलेक्टमध्ये असताना ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसऱ्या ॲपवर ठेवता येत नाही. म्हणजे आधी भाग टाकून वाचक जमवायचे की थेट किंडल, हे लिहायच्या आधी ठरवा. छापायचं असेल तर कव्हरच्या आधी मुद्रितशोधनाला पैसे ठेवा आणि थोड्याच प्रती काढा, पलंगाखालचे गठ्ठे रोज दिसत राहिले की पुढचं पुस्तक सुचत नाही.

महिनोन् महिने बंद पडलं असेल तर

पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. पहिलं प्रकरण दुरुस्त करण्यात दोन महिने जातात आणि पुन्हा सगळं तिथंच थांबतं. शेवटची दहा पानं वाचा, फाईल बंद करा, आणि गोष्ट आठवेल तशी एका पानात लिहून काढा. जे आठवलं नाही ते बहुतेक लागतच नव्हतं. मग या पुस्तकातला जो प्रसंग लिहायची सगळ्यात जास्त ओढ आहे तो लिहा, तो मधला असो नाहीतर शेवटचा, आणि त्याच दिवशी वाट बघणाऱ्या त्या एका माणसाला पाठवून द्या. पहिलं प्रकरण शेवट लिहून झाल्यावर बघू.