शहरातले आगळेवेगळे जेवण: गावाकडून जाणाऱ्याने पैसे कुठे मोजावेत

लग्नाचा बस्ता, मुलाचा प्रवेश किंवा दवाखाना, यांपैकी कशासाठी तरी मुंबई-पुण्याची फेरी आपल्या विदर्भातल्या बहुतेक घरांना करावीच लागते. अशा फेरीत एका वेळचे जेवण जरा वेगळ्या ठिकाणी घेऊ, असा हट्ट मुलांनी धरला तर त्यात गैर काही नाही. मात्र अशा ठिकाणी चौघांच्या जेवणाला घरच्या पंधरा दिवसांच्या किराण्याइतका खर्च सहज येतो, म्हणून निवड डोळसपणे करावी. मी एक साधी कसोटी लावतो. भिंतीवरची सजावट आणि वाढप्यांचे पोशाख मनातल्या मनात काढून टाकावेत आणि मग तिथे काय उरते ते पाहावे. माणसाचे कौशल्य किंवा जेवणाची एखादी अपरिचित रीत उरत असेल तर पैसे मोजावेत, एरवी नाही.

या कसोटीवर सर्वांत आधी बाद होतात ती 'गावरान' थाटाची हॉटेले. शहरातल्या लोकांना ती आवडतात यात नवल नाही, पण आपण तिथे जाऊन काय पाहणार? काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या अशा एका ठिकाणी मी बाबांना घेऊन गेलो होतो. माणशी प्रवेशशुल्क भरून आत गेल्यावर दाराशीच एक रंगवलेली बंडी उभी होती आणि लोक तिच्यासोबत फोटो काढून घेत होते. बाबांनी वाकून चाकाच्या आसाला बोट लावले, बोट कोरडेच निघाले, तेव्हा ते म्हणाले, "वंगणाचा डाग नाही बाबू, हे बंडी कधी जुंपलीच नाही." पुढे मडक्यावरची पोळी करून दाखवणाऱ्या बाईंभोवती गर्दी होती. माठाच्या पाठीवर लांब पोळी टाकणाऱ्या मावश्या ज्याने प्रत्येक लग्नात पाहिल्या आहेत, त्याने त्यासाठी वेगळे पैसे का द्यावेत, हे मला आजही कळलेले नाही.

याला अपवाद अहमदाबादच्या विशालाचा. १९७८ साली सुरू झालेले हे ठिकाणही गावाच्या थाटाचेच आहे, पण त्याच आवारात १९८१ पासून 'विचार' हे जुन्या भांड्यांचे संग्रहालय आहे. पितळ, तांबे आणि कासे यांची हजारो भांडी तिथे मांडलेली आहेत. आजीच्या घंगाळाची जातकुळी ज्याला शोधायची असेल त्याने जेवणाआधी तासभर तिथे काढावा.

ज्यांवर पैसे खर्च करावेत अशा ठिकाणांत मी पहिला मान देईन तो ऐकू न येणाऱ्या मुलामुलींनी चालवलेल्या उपाहारगृहांना. मुंबईत २०१५ साली पवईत 'मिर्ची अँड माइम'ने ही पद्धत ठळकपणे पुढे आणली, तर रायपूरच्या 'नुक्कड' चहाघरातही अशीच मुले वाढपाचे काम करतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला मुंबईपेक्षा रायपूरच जवळ पडते. पवईच्या ठिकाणी मेनूकार्डावर पदार्थासमोर त्याची हाताची खूण दिलेली असे आणि गिऱ्हाइकाने ती खूण करूनच पदार्थ मागवायचा असे. अशा ठिकाणी पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मोठ्याने बोलू नये, कारण त्याचा काही उपयोग नसतो. वाढप्याला बोलवायचे तर हात वर करावा, बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि खूण चुकली तर हसून पुन्हा करावी. घरातल्या लहान मुलाला आधी पाठवावे. माझा भाचा पाच मिनिटांत तीन खुणा शिकला, आम्ही मोठी माणसे मात्र 'पाणी' मागतानाही अडखळत होतो. जेवणभर आपलीच बाजू अडाणी राहते, आणि घरी करता न येणारा अनुभव म्हणतात तो हाच.

अंधारातले जेवण याच जातीचे. १९९९ साली झुरिचमध्ये दृष्टिहीन लोकांनी चालवलेले असे पहिले उपाहारगृह सुरू झाले आणि पुढे ही कल्पना हैदराबादपर्यंत आली. घड्याळ आणि मोबाइल बाहेर ठेवावे लागतात, कारण काट्यांचा उजेडही चालत नाही. दृष्टिहीन वाढप्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने आत जायचे आणि ताटात काय आहे ते चवीवरून ओळखायचे असते. माळकरी किंवा शाकाहारी माणसाने आपला नियम आरक्षण करतानाच सांगावा आणि आत जाण्यापूर्वी पुन्हा एकदा सांगावा, कारण ताटात काय पडले हे आत पाहता येत नाही. ज्यांना कोंडल्यासारखे वाटते त्यांनी हा प्रकार टाळावा.

वऱ्हाडी माणसाला सर्वांत आपलेसे वाटेल ते बोहरी थाळाचे जेवण. मुंबईत काही बोहरी कुटुंबे आधी ठरवून आपल्या घरी किंवा छोट्या जागेत असे जेवण देतात. एकाच मोठ्या थाळाभोवती सात-आठ जणांनी खाली बसायचे, प्रत्येकाने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून सुरुवात करायची आणि पहिला पदार्थ गोड, मग खारा, मग पुन्हा गोड असा क्रम चालतो. थाळात काही टाकायचे नाही हा शिरस्ता आहे. शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजून, तूप ओतून वांग्याच्या भाजीसोबत पंगतीत खाणाऱ्याला ही शिस्त लगेच समजते, फक्त इथे ताट एकच असते. सात-आठ माणसे जमवूनच आरक्षण करावे, नाहीतर अनोळखी लोकांसोबत बसावे लागते. मला तेही वाईट वाटले नाही. जेवण बहुधा मांसाहारी असते, हे मात्र ध्यानात घ्यावे.

महागड्या 'टेस्टिंग मेनू'चा एक अनुभव आयुष्यात घ्यावा, असे माझे मत आहे. मुंबईत महालक्ष्मीच्या शक्ती मिल परिसरात २०१६ साली सुरू झालेले 'मास्क' हे उपाहारगृह सुरुवातीपासून याच पद्धतीने चालले आहे. तिथे काय खायचे ते आचारी ठरवतो आणि सुमारे दहा छोटे पदार्थ एकामागून एक येत राहतात. पोटभर भाकरीची अपेक्षा धरून जाऊ नये आणि घाईही करू नये, कारण दोन-तीन तास लागतात. प्रत्येक पदार्थ कुठल्या भागातला आहे हे वाढप्याला विचारावे. शेतकऱ्याच्या दृष्टीने पैसे वसूल होतात ते त्याच्या उत्तरात.

क्रेनने उचललेल्या टेबलावरचे जेवण २००६ साली बेल्जियममधून सुरू झाले. पन्नास मीटर उंचीवर अन्न निवते, म्हणून ते हौसेपुरते ठीक. तुरुंगासारखी सजवलेली हॉटेले मी सोडून देईन. त्यापेक्षा दिल्लीत तिहारच्या कैद्यांनी खरोखर चालवलेले उपाहारगृह पाहिलेले बरे.

आता व्यवहाराचे. अशी ठिकाणे पटकन बंद पडतात किंवा जागा बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करावा आणि आगाऊ रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते ते लेखी मागवावे. बिलात जीएसटी साधारणपणे ५ टक्के असतो, मात्र ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाते तिथे तो १८ टक्के लागतो. 'सर्व्हिस चार्ज' ऐच्छिक आहे. तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. तेव्हा तो काढून टाकायला नम्रपणे सांगावे, आणि ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. बाटलीबंद पाण्याला उपाहारगृहे छापील किमतीपेक्षा जास्त दर लावू शकतात, म्हणून बसल्याबसल्या साधे पाणी मागावे.

शेवटी गाडीच्या वेळेचा हिशेब. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते आणि अशा ठिकाणांची रात्रीची आरक्षणे बहुधा त्यानंतरची असतात. त्याच दिवशी परतायचे असेल तर दुपारचे आरक्षण घ्यावे. ते मिळाले नाही, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात जुन्या रेल्वे डब्यात २०२१ साली उपाहारगृह सुरू झाले, ते चालू असल्याची आधी खात्री करून घ्यावी. तिथे जेवून थेट फलाटावर जाता येते आणि सामान घेऊन वणवण करावी लागत नाही.