काउंटरच्या पलीकडून: रोल-प्लेच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

कॉलेजात एकांकिका केलेली, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत वर्षं घालवलेली मुलं-मुली हल्ली मला एकच प्रश्न विचारतात. कंपन्यांमध्ये आणि हॉस्पिटलांमध्ये नाटकाच्या आधाराने संवादाच्या कार्यशाळा होतात, तिथे आम्हाला काम मिळेल का? मिळेल. पण रंगमंचावर कमावलेलं बरंचसं इथे बाजूला ठेवावं लागतं. नेमकं काय ठेवायचं, हे आधी कळलेलं बरं. माझं बहुतेक काम हॉस्पिटलांतलं आहे, म्हणून तिथलंच सांगते.

समोरच्यांना अभिनय शिकवायला तुम्हाला बोलावलेलं नसतं. नर्सेस, रिसेप्शनवरच्या मुली, फार्मसीतली मुलं यांना आवाजाचे व्यायाम आणि आरशाचे खेळ दिले की अर्धा दिवस मजेत जातो, फोटो छान येतात, एचआर खूश होतं. सोमवारी काउंटरवर मात्र पहिलेच पाढे पंचावन्न. ज्या माणसाशी आपण रोज बोलतो त्याच्या जागी दहा मिनिटं उभं राहायचं, हा या कामाचा, म्हणजे रोल-प्लेचा, गाभा. बाकी सगळी त्या दहा मिनिटांची तयारी आणि नंतरची आवराआवर.

तंत्र जुनंच आहे. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी व्हिएन्नात आणि पुढे अमेरिकेत सायकोड्रामा, म्हणजे प्रसंग करून बघत मानसोपचार करण्याची पद्धत, घडवली. भूमिकांची अदलाबदल हे त्यातलं एक मुख्य हत्यार. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्णाची भूमिका शिकवून तयार केलेली व्यक्ती विद्यार्थ्यांसमोर आणली. असे प्रशिक्षित ‘रुग्ण’ आता अनेक देशांतल्या वैद्यकीय परीक्षांत असतात. आपल्याकडे एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात एटकॉम नावाचा भाग आला. वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद शिकवण्यासाठी तो आहे, आणि रोल-प्ले त्यात चांगला बसतो. पुण्यात ग्रिप्स या बालनाट्य चळवळीची नाटकं पाहिलेल्यांना हे फार समजावून सांगावं लागत नाही. मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात आणि घरातलं नेहमीचं भांडण एकदम मुलाच्या उंचीवरून दिसायला लागतं. ती चळवळ बर्लिनहून पुण्यात रुजवणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हा मला योगायोग वाटत नाही.

आता तयारी. व्यवस्थापक सांगतात, “आमचा बिलिंगचा स्टाफ उद्धट आहे, तेवढं बघा.” ते लिहून घ्या, पण त्यावर प्रसंग रचू नका. आधी परवानगी काढून लॉबीत जाऊन बसा. सकाळचा राउंड संपल्यापासून दुपारपर्यंत बसलात तर डिस्चार्जचा अख्खा प्रवास दिसेल. डॉक्टर नऊला पेशंटला सांगतात, “आज घरी जा.” मग रेसिडेंट डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहिणार, उरलेली औषधं फार्मसीत परत जाणार, शेवटचं बिल बनणार, कॅशलेस विमा असेल तर कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे, जाणार आणि मंजुरीची वाट बघायची. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये सांगितलं की, हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यावी. पण ते घड्याळ विनंती पोचल्यावर सुरू होतं. नातेवाइकांचं घड्याळ नऊलाच सुरू झालेलं असतं. काउंटरवरची निम्मी भांडणं या दोन घड्याळांमधल्या अंतरात होतात, आणि ते अंतर काउंटरवरच्या मुलीने निर्माण केलेलं नसतं.

हे बघितल्याशिवाय भूमिकेचं कार्ड लिहिता येत नाही. नवखी माणसं कार्डावर लिहितात, ‘तुम्ही चिडलेले नातेवाईक आहात.’ झालं, समोरचा आरडाओरडा करतो, सगळे हसतात, कुणाला काही कळत नाही. माझं एक कार्ड असं आहे: ‘तुमचे वडील तिसऱ्या मजल्यावर आहेत. नऊ वाजता घरी जायला सांगितलं, आता दोन वाजलेत. वडिलांना मधुमेह आहे. कागदोपत्री डिस्चार्ज झाल्यामुळे दुपारचं जेवण आलं नाही. गावाहून आणलेली गाडी खाली उभी आहे आणि ड्रायव्हर वेटिंगचे पैसे मागतोय. तुम्ही काउंटरवर तिसऱ्यांदा आला आहात.’ यात राग हा शब्द कुठेच नाही. परिस्थिती नेमकी दिली की भावना आपोआप येते, हे नाटकवाल्यांना ठाऊक असतंच. इथे ते पुरेपूर वापरा.

हे कार्ड मी बिलिंगमध्ये बसणाऱ्या मुलीला देते आणि तिच्या खुर्चीत वॉर्डातल्या सिस्टरना बसवते. मध्ये टेबल, टेबलावर लॅपटॉप, सिस्टरच्या बाजूला सतत वाजणारा फोन. एका सत्रात अशीच एक मुलगी फाइल छातीशी धरून उभी राहिली. “मॅडम, बाबांचं बिल झालं का?” सिस्टर स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, “फाइल टीपीएकडे गेलीय, बसा.” मुलगी बसली नाही. उभीच राहिली, फाइल या हातातून त्या हातात घेतली, परत विचारलं. परत तेच उत्तर. चौथ्या वेळी ती म्हणाली, “अहो, माझ्याकडे बघा तरी!” आणि गप्प झाली. ‘फाइल टीपीएकडे गेलीय, बसा’ हे वाक्य ती स्वतः रोज उच्चारत होती.

इथे थांबवा. लगेच “कसं वाटलं?” विचारू नका. त्याला उत्तर एकच येतं, “छान वाटलं, शिकायला मिळालं.” त्याऐवजी घडलेलं विचारा. तुम्ही कुठे बघत होतात? ‘बसा’ म्हटल्यावर का बसला नाहीत? टीपीए म्हणजे काय हे त्या माणसाला माहीत असेल का? त्या मुलीचं उत्तर होतं, “बसले असते तर ते मला विसरले असते.” पुढचा तासभर आम्ही फक्त या एका वाक्यावर काम केलं. गटाने मिळून नवं बोलणं तयार केलं: “काका, बिल तयार आहे. विमा कंपनीचा होकार यायचाय. साडेतीन वाजता मी स्वतः येऊन सांगते, आला असो नसो. बाबांच्या जेवणाचं आत्ता वॉर्डात फोन करून बघते.” मग परत प्रसंग, परत अदलाबदल. ‘आला असो नसो’ हे शब्द त्या मुलीनेच घातले.

नंतर उलटा फेराही हवाच. त्याच खुर्चीत डॉक्टरांना बसवा, फोन वाजत ठेवा, समोर तीन नातेवाईक उभे करा. समरी अजून आलेली नाही म्हणून बिल अडलंय, आणि ती समरी आपल्याच टीमकडे पडून आहे, हे डॉक्टरांना तिथे बसल्यावर जाणवतं. एकाच बाजूला समजून घ्यायला लावणारी कार्यशाळा अन्यायाची असते. तीन माणसांचं काम एका माणसावर टाकायचं आणि वर त्याला सहानुभूतीचे धडे द्यायचे, हे मला मान्य नाही. प्रसंगातून अशी गोष्ट दिसली की अहवालात स्पष्ट लिहा. पुढचं काम गेलं तरी चालेल.

वरिष्ठांचा प्रश्न नेहमी येतो. मोठे सर मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले की वॉर्डबॉय आणि मावशी तोंड उघडत नाहीत. सरांनी एक तर भूमिका घ्यावी नाहीतर बाहेर जावं, हे आधीच ठरवून घ्या. गटात वीसच्या वर माणसं नकोत. भूमिका घ्यायला कुणालाही भाग पाडू नका. प्रसंग संपला की त्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारा, कार्ड परत घ्या, जागा बदलायला लावा. ज्याने ओरडणाऱ्या माणसाचं काम केलं त्याच्याकडे चहाच्या सुट्टीत कुणी तिरकं बघायला नको.

लैंगिक छळ, जातीवरून अपमान, नुकताच झालेला मृत्यू या विषयांत कर्मचाऱ्यांना भूमिका देऊच नका. समोर बसलेल्यांपैकी कुणावर खरंच काय गुदरलंय, ते आपल्याला ठाऊक नसतं. तिथे ऑगस्तो बोआल या ब्राझिलियन रंगकर्मीचं फोरम थिएटर उपयोगी पडतं. बाहेरचे नट छोटा प्रसंग करतात, परत पहिल्यापासून सुरू करतात, आणि प्रेक्षकांतून ज्याला वाटेल तो “थांबा” म्हणून पीडित पात्राच्या जागी येतो, वेगळं काही करून बघतो. यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जुलूम करणाऱ्याच्या जागी मात्र कुणी जायचं नाही. साहेब एकाएकी प्रेमळ झाला तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सुटत नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही नाट्यसंस्था गावागावांत हे करते आहे. शक्य असेल तर तो प्रयोग प्रत्यक्ष बघा.

पैशांचं बोलताना लॉबीत बसण्याचा दिवस आणि महिन्याने मारायची फेरी, दोन्ही मानधनात धरा. ती फेरी करारातच लिहा, नंतर कुणी बोलावत नाही. तेव्हा काउंटरवर अर्धा तास नुसतं उभं राहा आणि ठरवलेली वाक्यं ऐकू येतात का बघा. नसतील येत, तर का, ते त्याच लोकांना विचारा. बहुतेक वेळा कारण ड्युटीच्या रोस्टरमध्ये सापडतं.

पहिलं काम मिळवायचं तर कॉर्पोरेटच्या मागे धावण्याआधी जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या मेडिकल एज्युकेशन युनिटच्या प्राध्यापकांना भेटा. एटकॉमच्या तासाला रुग्णाची भूमिका करणारी, तीच भूमिका प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तितक्याच नेमकेपणाने परत करणारी माणसं त्यांना उपयोगी पडतात. दोन ओळींचा बायोडाटा आणि स्वतः लिहिलेलं एक कार्ड सोबत न्या.