बायनरी, हेक्स, डेसिमल: आधी चार-चारचे गट बघायला शिका

मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर, काम करतो आणि नवीन आलेली मुलंमुली सी लँग्वेजपेक्षा जास्त कुठे अडत असतील तर बायनरी (फक्त ० आणि १), हेक्स (सोळा अंकांची पद्धत) आणि डेसिमल (आपली रोजची दहा अंकांची) यांच्यातल्या रूपांतरात, समोर १०११०१ दिसलं की लगेच हात कॅल्क्युलेटरकडे जातो. माझंही सुरुवातीला हेच होतं. दोनने भागत जायचं आणि बाकी खालून वर लिहायची ही पद्धत मी परीक्षेसाठी घोकली होती, मार्कही चांगले पडले, पण संख्या नुसती बघून कळायची नाही. ती कळायला लागली की डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, वाचायची भीतीच जाते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. हेक्स म्हणजे काही तिसरी वेगळी भानगड नाही, ती बायनरीच आहे, फक्त चार-चार बिट (बायनरीतला एकेक ० किंवा १ म्हणजे एक बिट) एकत्र बांधून लिहिलेली. १६ म्हणजे २ चा चौथा घात, त्यामुळे चार बिट आणि हेक्सचा एक अंक यांची जोडी कायम पक्की, तिथे गणित करायचंच नसतं, एकाच्या जागी दुसरं लिहायचं. १० मात्र २ चा घात नाही, म्हणून डेसिमल आलं की भागाकार-गुणाकार आलाच. हे मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे कितीतरी दिवस वाचले असते!

शाळेत एकं, दहं, शतं शिकलो तसंच इथे उजवीकडून १, २, ४, ८ अशी घरं. चार बिटांच्या डोक्यावर ८ ४ २ १ लिहा आणि जिथे १ असेल ते आकडे मिळवा, झालं. ११०१ म्हणजे ८ अधिक ४ अधिक १, तेरा, आणि हेक्समध्ये दहापासून पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ असल्यामुळे तेरा म्हणजे डी. ० ते एफ अशा सोळाच्या सोळा जोड्या एकदम पाठ करू नका, ए म्हणजे १०१०, सी म्हणजे ११००, एफ म्हणजे ११११ एवढी तीन डोक्यात बसवा, बाकीची त्यांच्या शेजारीच सापडतात.

गट पाडताना कायम उजवीकडून पाडायचे. मी डावीकडून पाडायचो. १०११०१ चे मी १०११ आणि ०१ केले आणि उत्तर बी१ लिहिलं, म्हणजे १७७. खरं उत्तर ००१० आणि ११०१, म्हणजे २डी, म्हणजे ४५. कमी पडलेली शून्यं डावीकडे भरायची, उजवीकडे शून्य लावलं की संख्या दुप्पट होते.

आता डेसिमलवरून बायनरी. आठ बिटांपर्यंत मी भागाकार करतच नाही, वजाबाकी करतो. १७३ घ्या. १२८ बसतात? बसतात, उरले ४५. ६४ नाही बसत. ३२ बसतात, उरले १३. १६ नाही, ८ बसतात, उरले ५, त्यात ४ बसतात, उरला १, त्यात २ नाही बसत, १ बसतो. बसलं तिथे १, नाही तिथे ०, असं ओळीने लिहिलं की १०१०११०१. मधे गट पाडा, १०१० आणि ११०१, हेक्स झालं एडी. ताळा करायचा तर दहा गुणिले १६ म्हणजे १६०, अधिक १३, बरोबर १७३. हा ताळा दर वेळी करा, पाच सेकंद लागतात.

मोठी संख्या असेल तर मधे हेक्सचा थांबा घ्या, थेट बायनरीत उडी मारू नका. ६८७ ला १६ ने भागा, ४२ आले, बाकी १५ म्हणजे एफ. ४२ ला परत १६ ने, २ आले, बाकी १० म्हणजे ए. खालून वर वाचलं की २एएफ. दोनने भागत बसला असता तर दहा वेळा भागावं लागलं असतं आणि मधे एक बाकी चुकली की सगळंच गेलं. उलटं येतानाही सोपं आहे, २ गुणिले १६ अधिक १० म्हणजे ४२, ४२ गुणिले १६ अधिक १५ म्हणजे ६८७. मोठे घात आठवायला नकोत, सोळाचा पाढा आला की पुरे.

कामावर मात्र घोळ वेगळाच होतो, रूपांतर येत असतं पण समोरची संख्या कुठल्या पद्धतीत आहे तेच बघितलेलं नसतं. एकदा एक छोटा एलसीडी स्क्रीन आय-टू-सी वर (दोन वायरींची सामाईक लाइन, म्हणजे बस, जिच्यावर प्रत्येक उपकरणाला एक पत्ता असतो) जोडायचा होता, कागदावर पत्ता २७ लिहिलेला, मी कोडमध्ये सरळ २७ टाकला. स्क्रीन कोरी. वायरी बदलल्या, सप्लाय मोजला, अर्धा दिवस गेला. शेवटी बसवर कोण कोण उत्तर देतंय ते स्कॅन केलं तर पत्ता निघाला हेक्समधला २७, म्हणजे डेसिमल ३९, आणि मी हाक मारत होतो हेक्स १बी ला, तिथे कोणीच नव्हतं. तेव्हापासून मी स्वतःच्या वहीतसुद्धा हेक्स लिहिताना पुढे शून्य-एक्स लावतो, तुम्हीही लावा. आणि सी मध्ये आकडे एकाखाली एक सरळ दिसावेत म्हणून पुढे नुसतं शून्य कधीच लावू नका, ०१० लिहिलं तर कंपायलर ते ऑक्टल, म्हणजे आठ अंकांच्या पद्धतीतलं, धरतो आणि त्याची किंमत होते ८.

अजून एक, एफएफ दिसलं की लगेच २५५ म्हणू नका. ते आठ बिट साइन्ड, म्हणजे उणे संख्याही धरणारे, असतील तर टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (उणे संख्या बिटांत लिहायची नेहमीची पद्धत) तेच उणे १ असतं. बिट तेच, ते कसे वाचायचे हे व्हेरिएबलचा टाइप ठरवतो.

सरावाला रोज दहा मिनिटं पुरतात. आधी हाताने करा, मग कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये किंवा पायथॉनमध्ये तपासा. आस्की टेबल (कुठल्या अक्षराला कुठला आकडा याचा तक्ता) घेऊन बसलात तर अजून मजा येते, कॅपिटल ए हेक्समध्ये ४१ आणि स्मॉल ए ६१, दोन्ही बायनरीत एकाखाली एक लिहून बघा, ०१०००००१ आणि ०११००००१, फरक फक्त ३२ च्या घरातल्या एका बिटाचा, आणि झेडपर्यंत सगळ्या अक्षरांना तो तसाच.