व्हरोआला टिकणारी मधमाशी तयार करताय? मग या चुका टाळा

व्हरोआ म्हणजे मधमाशीवर आणि तिच्या पिल्लांवर जगणारा बारीक माइट, गोचिडीसारखा परजीवी. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण ती मी स्वतः केलीय. एक पेटी औषध न देता दोन सीझन टिकली, मला वाटलं सापडली आपली राणी, आणि तिच्याच अळ्या घेऊन सगळ्या नव्या राण्या केल्या. त्या मुलींच्या पेट्यांमध्ये पुढच्या सीझनला माइट इतके वाढले की पंख वाकडे झालेल्या माशा दारात रांगताना दिसायला लागल्या. मग जुनी वही काढून बघितली तर कळलं, आई-पेटीनं दोन्ही वर्षी झुंड सोडली होती, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माशा घेऊन दुसरीकडे निघून गेली होती. झुंड गेली की नवी राणी अंडी घालायला लागेपर्यंत पिलाव्यात (अंडी, अळ्या, कोष) खंड पडतो, आणि व्हरोआ तर फक्त मेणानं झाकलेल्या पिल्लांच्या घरातच वाढतो, म्हणजे तेवढा काळ त्याची वाढच थांबते, शिवाय बरेचसे माइट झुंडीबरोबर निघून जातात. ती पेटी टिकली होती ती झुंडीमुळे, राणीच्या गुणामुळे नाही.

तेव्हा "जगली म्हणजे टिकाऊ" हे डोक्यातून काढा. छोटी वसाहत, झुंड सोडणारी वसाहत, मध्येच राणी हरवलेली वसाहत, या सगळ्यांत माइट कमी दिसतात. निवड करायची तर भरलेल्या, मध देणाऱ्या, खंड न पडलेल्या पेट्यांतूनच करायची.

आता मोजणीचं. नुसतं बघून माइट कळत नाहीत. माशीच्या पाठीवर माइट दिसायला लागला तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो, कारण तो बहुतेक वेळ पोटाखालच्या पट्ट्यांत दडून बसतो, आणि पिलावा जोरात असताना निम्म्याहून जास्त माइट झाकलेल्या घरांत असतात. पिलाव्याच्या फ्रेमवरून अर्धा कप माशा घ्या (साधारण ३०० भरतात, राणी त्यात नाही ना हे दोनदा बघा) आणि अल्कोहोलमध्ये हलवून धुवा. ९ माइट निघाले म्हणजे १०० माशांमागे ३, इथे बहुतेक जण सावध होतात. पिठीसाखरेनं हलवलं तर माशा वाचतात पण आकडा जरा कमी येऊ शकतो, म्हणून एकदा जी पद्धत धरली तीच सगळ्या पेट्यांना लावा, एकाला साखर आणि दुसऱ्याला अल्कोहोल असं करून तुलना करू नका. आणि एका मोजणीवर निवड तर अजिबात नको! सीझनच्या सुरवातीला किती होते आणि शेवटी किती झाले, ती वाढ बघायची. सुरवातीला १ आणि शेवटी २ असलेली पेटी मला सुरवातीला शून्य आणि शेवटी ६ वाल्या पेटीपेक्षा केव्हाही जास्त आवडेल.

पुढची गफलत हायजिनिक टेस्टची. लिक्विड नायट्रोजननं झाकलेल्या पिलाव्याचा गोल तुकडा गोठवतात आणि २४ तासांनी किती मेलेली पिल्लं माशांनी साफ केली ते मोजतात, दोन वेळा ९५ टक्क्यांच्या वर आली की वसाहत हायजिनिक. टेस्ट चांगलीच आहे, फाउलब्रूड आणि चॉकब्रूड या पिल्लांच्या रोगांसाठी तर खूपच, पण ती मेलेलं पिल्लू काढायची टेस्ट आहे. माइट लागलेलं पिल्लू जिवंत असतं. ते वासावरून ओळखून घर उघडणं आणि आत चाललेली माइटची वीण मोडणं हा वेगळा, जास्त बारीक गुण आहे, त्याला व्हीएसएच (व्हरोआ सेन्सिटिव्ह हायजीन) म्हणतात. अमेरिकेत बॅटन रूजच्या सरकारी प्रयोगशाळेत जॉन हार्बो आणि जेफ्री हॅरिस यांनी तो वेगळा काढला, आणि आधी त्याचं नावच 'माइटची वीण दबली' अशा अर्थाचं होतं, कारण माशा प्रजननक्षम माइटवाली घरं उघडतात हे नंतर लक्षात आलं. त्यामुळे गोठवायची टेस्ट पास झाली म्हणून मोजणी सोडू नका.

नर विसरणं ही तर जवळपास सगळ्यांची चूक. आपण राणीच्या आईची निवड जीव ओतून करतो आणि बाप वाऱ्यावर सोडतो. राणी हवेत दहा-बारा किंवा त्याहून जास्त नरांशी जुगते, ते कुठून आले काही पत्ता नसतो, म्हणजे पेटीतल्या कामकऱ्यांचे निम्मे गुण अनोळखी. त्यात गंमत बघा, माइट कमी करायला लोक नरांचा पिलावा कापून टाकतात, आणि तो सगळ्यात चांगल्या पेट्यांतूनही कापतात! नर बिनफलित अंड्यातून होतो, त्याच्याकडे फक्त आईचेच गुण असतात, म्हणून चांगल्या पेटीतले नर म्हणजे आपलं सोनं. कापायचा तो वाईट पेट्यांतला, चांगल्यांना उलट नरांच्या घरांची फ्रेम द्यायची. आणि वेळेत द्यायची: नर २४ दिवसांनी बाहेर येतो, पक्व व्हायला अजून साधारण १२ दिवस, तर कलम केलेली (लहान अळी उचलून राणीच्या घरात वाढवलेली) राणी कलमापासून तीनेक आठवड्यांत जुगायला तयार असते. म्हणजे नरांच्या फ्रेममध्ये अंडी पडली पाहिजेत ती कलमाच्या निदान दोन-अडीच आठवडे आधी.

"औषध देऊ नका, मरणाऱ्या मरू द्या" हा सल्ला मला पटत नाही. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ साली १५० वसाहतींवर असं करून बघितलं, पहिल्या काही वर्षांत बहुतेक मेल्या, आणि उरल्या त्या लहान राहिल्या, कमी पिलाव्याच्या. ते बाकीच्यांच्या पेट्यांपासून दूर, एका बाजूला होतं. तुमच्या शेजारी दुसऱ्यांच्या पेट्या असतात, कोसळणारी पेटी इतर माशा लुटतात आणि सगळे माइट घरी घेऊन जातात, तुमच्या चांगल्या पेटीतही. नापास पेटीला औषध द्या, राणी बदला, माशा वाचतात आणि वाईट वाणही पुढे जात नाही.

राणी बदलल्यावर लगेच टेस्ट नको. जुन्या राणीच्या मुली अजून काम करत असतात, दोनेक महिने जाऊ द्या.

पिलाव्यात भोकं दिसली की घाबरून राणी मारू नका, आधी नीट बघा. झाकलेली घरं उघडून पिल्लं काढलेली असतील तर तेच आपल्याला हवंय. पण लहान अळ्याच गायब होत असतील तर बहुतेक जवळच्या नात्यात जुगणी झालीय: लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन सारख्या प्रती आल्या की फलित अंड्यातूनही नर होतो आणि कामकऱ्या त्या अळ्या खाऊन टाकतात. एकाच राणीच्या मुली सगळीकडे भरल्या की हे होतंच, म्हणून चार-सहा वेगवेगळ्या ओळी चालू ठेवा.

आणि राणीला रंग लावा. वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. माशा गुपचूप राणी बदलून टाकतात, आपण मात्र वहीत जुन्याच राणीच्या नावापुढे आकडे लिहीत राहतो. मोजणीच्या दिवशी रंग दिसला नाही तर त्या पेटीची ओळ तिथेच बंद करा आणि नव्या राणीसाठी नवं पान काढा.