सरबताची पावडर घरी करायचीय? आधी पाकिटामागची लिस्ट वाचायला शिका

पाकीट उलटं करा. घटक बहुतेक ठिकाणी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे पहिलं नाव साखर असेल तर तुम्ही मुख्यतः साखरच विकत घेतलीय, फ्लेवर आणि रंग शेवटी असतात कारण ते लागतातच चिमूटभर. शुगर-फ्री पाकिटात गोडीसाठी ॲस्पार्टेम नाहीतर सुक्रॅलोज, पहिलं साखरेच्या साधारण २०० पट गोड आणि दुसरं ६०० पट, मग इतकंसं मोजणार कसं म्हणून माल्टोडेक्स्ट्रिनची भर घालतात, ती स्टार्च तोडून केलेली जवळपास बेचव पावडर. (ॲस्पार्टेममधून फेनिलॲलनिन मिळतं, त्यामुळे फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे फेनिलॲलनिन शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्यांनी त्याच्या वाटेलाच जायचं नाही.)

पण खरी मजा आंबटाची. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूफूल, नाव लिंबाचं असलं तरी कारखान्यात ते ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीला साखर खायला घालून काढतात. १ लिटरला ८० ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम लिंबूफूल यापासून सुरुवात करा, मग जिभेला विचारून कमीजास्त. नुसतं लिंबूफूल टोचतं, दात आंबतात, म्हणून कंपन्या सोडियम सायट्रेट पण घालतात, ते बफरचं काम करतं म्हणजे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वर तर आंबट कमी) थोडा वर नेऊन तिथेच धरून ठेवतं. घरी पाव ग्रॅम पुरे, आणि चिमूटभर मीठ, त्याने गोडी उठून येते.

लिंबूफूल दोन प्रकारचं मिळतं, निर्जल आणि मोनोहायड्रेट. दुसऱ्यात सुमारे साडेआठ टक्के पाणी स्फटिकातच अडकलेलं असतं. निर्जलच घ्या. मी एकदा फसफसणारी पावडर करायला मोनोहायड्रेटमध्ये खायचा सोडा मिसळून बरणी घट्ट लावून ठेवली, सकाळी झाकण फुगलेलं आणि आत दगड. कोरडं ॲसिड आणि कोरडा सोडा शेजारी शांत बसतात, पण जरा ओल मिळाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या रिॲक्शनमध्ये आणखी पाणी तयार होतं, मग ते पाणी पुढची रिॲक्शन चालवतं, थांबायचं नावच नाही. त्यामुळे फसफस हवीच असेल तर सोडा वेगळ्या पुडीत ठेवा आणि ग्लासात घाला. १ ग्रॅम लिंबूफूल पूर्ण मारायला १.३ ग्रॅम सोडा लागतो, पण तेवढा घातलात तर आंबटपणा गेला आणि खारट साबणासारखी चव उरली, म्हणून सोडा लिंबूफुलाच्या निम्म्यापेक्षा कमीच, आणि सोड्याने जेवढं ॲसिड खाल्लं तेवढं लिंबूफूल वाढवा. पाणी गार घ्या, गार पाण्यात गॅस जास्त टिकतो.

साखर स्वतः दळा. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा कॉर्नस्टार्च असतो, तो गार पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. दळताना सगळं एकसारखं बारीक हवं, जाड-बारीक असेल तर बरणी हलली की बारीक कण खाली सरकतात आणि पहिला ग्लास गोडमिट्ट, शेवटचा आंबटढाण. लिंबूफूल दळत असाल तर मिक्सर लगेच उघडू नका, धूळ नाकात गेली की खोकून जीव जातो. रंग आणि फ्लेवर थेट किलोभर साखरेत टाकू नका. आधी एक चमचा साखरेत घोळवा, मग तेवढीच साखर परत, मग दुप्पट, असं वाढवत जा.

फ्लेवर पावडरच घ्या. सुगंधी तेल माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डिंकाच्या पाण्यात मिसळून गरम हवेत फवारतात, पाणी उडतं आणि तेल कणांच्या आत कोंडलं जातं. लिक्विड इसेन्स ओतलात की साखरेचा लगदा.

उरलेली नावं सोपी. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि सिलिकॉन डायऑक्साइड गुठळ्या होऊ देत नाहीत, झँथन गम नाहीतर ग्वार गम पाण्याला अंग देतात म्हणजे ज्यूससारखं जाडसर लागतं, टायटॅनियम डायऑक्साइड फक्त गढूळपणासाठी, युरोपियन युनियनने २०२२ मध्ये ते खाण्यात बंद केलं. घरी यातलं काही नसलं तरी बिघडत नाही, गुठळी झालीच तर चमच्याने फोडा. व्हिटॅमिन सी घालणार असाल तर लिटरला १०० मिलिग्रॅम पुष्कळ, पण कालवून ठेवलेल्या सरबतात ते हवेने हळूहळू उतरतं, तेव्हा पावडर कोरडी ठेवा आणि प्यायचं तेवढंच कालवा.