बास्केटबॉलच्या सामन्यात रक्त दिसलं की पंचाने काय करायचं?

खेळाडूंच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, भुवयांवर नजर ठेवायची सवय लावा. रक्त बहुधा तिथेच येतं, आणि खेळाच्या भरात खुद्द खेळाडूला ते कळत नाही.

मी सांगतेय ते फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार. चेंडू खेळात असेल तर लगेच शिट्टी नको. चेंडू ज्या संघाकडे आहे, त्याचा शॉट होऊ द्या किंवा चेंडू हातचा जाऊ द्या. मात्र जखमी खेळाडू कुणाच्या पायाखाली येईल असं दिसलं, तर तिथल्या तिथे खेळ थांबवा. हल्ला मोडला म्हणून प्रशिक्षक ओरडला तरी ओरडू दे.

रक्त किंवा उघडी जखम दिसली की बदली करायचीच. साध्या दुखापतीत खेळाडू साधारण 15 सेकंदांत, कुणाच्या मदतीशिवाय सावरला तर खेळू शकतो. रक्ताला ती सवलत नाही. परत यायचं तर रक्त थांबलेलं आणि जखम पूर्ण, घट्ट झाकलेली हवी. पट्टीची कड सुटलेली दिसली तर मी माघारी पाठवते. बाहेर गेलेल्या खेळाडूचे फ्री थ्रो (फाउलमुळे मिळालेले मोकळे शॉट) त्याच्या जागी आलेल्यानेच मारायचे.

टाइमआउटमुळे, म्हणजे संघाने मागून घेतलेल्या मिनिटभराच्या थांब्यामुळे, मात्र वाट निघते. कोणत्याही संघाने तो घेतला आणि टाइमरने (घड्याळ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) बदलीचा इशारा देण्याआधी खेळाडू सावरला, तर तोच पुढे खेळतो. सुरुवातीच्या एका सामन्यात भुवई फुटलेल्या मुलीची टाइमआउटमध्ये नीट पट्टी झाली होती, बदलीचा इशाराही झाला नव्हता, तरी मी तिला बसवलं. नियम तिच्या बाजूने होता. ते मला अजून लागून राहिलंय.

टाइमआउट फक्त मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहायक मागू शकतो; बदली मात्र बदली खेळाडूने स्वतः गुण आणि वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलापाशी येऊन मागायची. चेंडू डेड (खेळाबाहेर), घड्याळ बंद आणि पंचाचं टेबलाशी बोलणं संपलेलं, तेव्हा दोन्ही संघांना संधी मिळते. बास्केट झाल्यावर ज्याच्यावर झाली तो संघ टाइमआउट घेऊ शकतो. बास्केटनंतर बदली मात्र त्याला चौथ्या क्वार्टरच्या किंवा ओव्हरटाइमच्या शेवटच्या 2 मिनिटांतच. पहिल्या हाफमध्ये 2 टाइमआउट, दुसऱ्यात 3, त्यातले शेवटच्या 2 मिनिटांत जास्तीत जास्त 2. मिनिटभराच्या टाइमआउटमध्ये 50 सेकंदांना टाइमरचा इशारा होतो.

तेवढ्या वेळात चेंडू हातात घेऊन फिरवून, रक्त लागलं नाही ना ते बघा, फरशी पुसून घ्या, आणि मगच खेळाडूंना आत बोलवा.